दुखत नाही म्हणून आठ वर्षं राहिलेली गाठ

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात : सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. सासूबाई बावन्न वर्षांच्या. आठेक वर्षांपूर्वी वरच्या पुढच्या दातांच्या फटीत हिरडीवर हरभऱ्याएवढा गोळा आला. तो वाढत वाढत आता मोठ्या आवळ्याएवढा झालाय. ओठ मिटत नाही, दोन दात फाकलेत. दुखत नाही, पण भाकरी चावताना मधूनच रक्त येतं. सासूबाई रोज मिश्री लावतात, बीपीची गोळी घेतात. तोंडाला पदर लावून वावरतात आणि लग्नकार्याला जाणं त्यांनी सोडलंय. तालुक्याच्या दंतवैद्यांनी ‘काढू आणि तपासायला पाठवू’ असं सांगितलं होतं. पण चुलतसासरे तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर चार महिन्यांत गेले, तेव्हापासून ‘चाकू लावला की पसरतं’ हे घरात पक्कं बसलंय. सासूबाईही ‘दुखत नाही तर कशाला’ म्हणतात, ऐकतच नाहीत. शेजारणीचा सल्ला आहे की गाठीला दोरा बांधा, आपोआप गळेल. पत्र लिहिणाऱ्या सूनबाईंनी खबरदारी म्हणून सासूबाईंचं ताट-तांब्या वेगळा केलाय आणि चार वर्षांच्या मुलीला आजीच्या ताटात जेवू देत नाहीत. त्यांचे प्रश्न असे : “एवढी मोठी गाठ म्हणजे कॅन्सरच ना? दात साफ करायचे सांगून आत्यांना नेऊ का? रिपोर्ट वाईट आला तर त्यांना सांगायचं की नाही? नणंदेचं लग्न दोन महिन्यांवर आलंय, आत्ता हे काढावं की नंतर?”

---

तुमच्या प्रश्नांत न आलेली एक गोष्ट आधी घेते, कारण तिच्यासाठी कुठल्या डॉक्टरची वाट बघायला नको. ते वेगळं ताट आजच बंद करा. हिरडीवरच्या अशा गाठी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जात नाहीत. उष्ट्यातून तोंडाचा कॅन्सरही लागत नाही. सर्दी-खोकला असताना लहान मुलांना उष्टं देऊ नये, तेवढा नियम पाळा आणि तो घरातल्या सगळ्यांना सारखाच लावा. तुम्ही हे वाईट हेतूनं केलं नाहीत, लेकराच्या काळजीनं केलंत, हे पत्रावरून कळतं. पण सासूबाईंच्या बाजूनं बघा. बाहेर त्या स्वतःहून पदराआड गेल्या, आणि घरात नात ताटावरून उठवली जाते. अशा बाईला ‘चला दवाखान्यात’ म्हटलं, तर तिला ते ‘तुझ्यात काहीतरी घाण आहे’ असंच ऐकू येणार. त्यांचा नकार तुम्हाला हट्ट वाटतो. मला त्यात लाजेचा वाटा बराच दिसतो.

आता गाठ. तोंडात डोकावून न बघता ती साधीच आहे असं मी लिहिणार नाही, आणि कुणी फोटोवरून लिहून दिलं तर तुम्हीही मानू नका. पण ‘एवढी मोठी म्हणजे कॅन्सरच’ हा हिशेब चुकीचा आहे, हे मात्र ठामपणे सांगते. आकारावरून एवढंच कळतं की गाठ बराच काळ तिथं आहे आणि तिला कुणी अडवलेलं नाही. ती कुठल्या जातीची आहे, हे आकार सांगत नाही. उलट कॅन्सर आठ वर्षं तसाच वाढत राहिला असता, तर आवळ्याएवढा होऊन गुळगुळीत, न दुखता बसला नसता. त्यानं हाड खाल्लं असतं, दात हलवले असते, मानेत गाठी आणल्या असत्या. तुम्ही वर्णन केलेली चाल सावकाश आहे, आणि सावकाश चाल ही चांगल्या बाजूची खूण आहे.

हिरडीवरच्या बहुतेक गाठी हिरडी सतत डिवचली गेल्यामुळे होतात. दातांच्या मुळाशी साचलेलं कीटण, फटीत रोज अडकणारा घास, तुटक्या दाताची धार, सैल कवळी, कडेला टोचणारी कॅप, असं काहीतरी हिरडीला सतत डिवचत राहतं. शरीर तिथं भरून काढायला नवं मांस आणतं. डिवचणं थांबत नाही म्हणून ते आणणंही थांबत नाही. अशा गाठी साधारणपणे दोन सेंटिमीटरच्या आतच राहतात, कारण माणूस त्याआधी दवाखाना गाठतो. पण ज्यांनी वर्षानुवर्षं तसंच राहू दिलं त्यांच्या गाठी सहा-सात सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ओठ वर उचलला जातो, दात ढकलले जातात, बोलताना शब्द फुटत नाहीत, चेहरा वाकडा दिसतो. आणि तपासणीत त्या साध्या निघाल्या आहेत.

त्यांचे मुख्य प्रकार तीन-चारच. तंतूंची बनलेली घट्ट, हिरडीच्याच रंगाची गाठ म्हणजे फायब्रोमा. लालभडक, मऊ आणि नुसतं बोट लागलं तरी रक्त येणारी ती पायोजेनिक ग्रॅन्युलोमा. तिसरी, पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा, ही फक्त हिरडीवरच होते, तोंडात दुसरीकडे कुठे नाही. दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकातून ती उगवते, दहा ते एकोणीस या वयात सर्वांत जास्त दिसते, बायकांत पुरुषांपेक्षा अधिक, वरच्या जबड्यात जवळपास साठ टक्के आणि निम्म्याहून अधिक वेळा पुढच्या दातांच्याच भागात. तिच्या आत हाडासारखे कण तयार होतात, म्हणून हाताला घट्ट लागते आणि एक्सरेत कधी कधी पांढरे ठिपके दिसतात. सासूबाईंची गाठ चव्वेचाळीसाव्या वर्षी सुरू झाली, म्हणजे वय या प्रकाराचं नेहमीचं नाही, जागा मात्र अगदी तिचीच, त्यामुळे ती शक्यता यादीत राहते. चौथी जांभळट-निळसर रंगाची, जायंट सेल ग्रॅन्युलोमा. ती कुठल्याही वयात होते, पण चाळिशी ते साठीत जास्त दिसते आणि गाठीखालच्या हाडाला वरवर खड्डा पाडते. रिपोर्टमध्ये जायंट सेल हे शब्द आले, तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडचं संप्रेरक एकदा तपासून घ्यायला सांगतात. कारण गळ्यातल्या त्या ग्रंथी बिघडल्या की जबड्यात हुबेहूब तशीच गाठ येऊ शकते, आणि मग नुसती गाठ कापून भागत नाही. हा मुद्दा घाईत सुटू शकतो, म्हणून तुम्ही स्वतःहून विचारा.

अशा मोठ्या गाठींचं एक वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा देठ. वरून बघताना गाठीनं चार दात झाकलेले असतात, सगळी हिरडीच गेली असं वाटतं, आणि बोटानं हलवून पाहिलं तर वांग्यासारखी एका बारीक देठावर लोंबणारी निघते. म्हणजे सुटायला ती दिसते तितकी अवघड नसते. काही गाठी मात्र रुंद बुडाच्या असतात. रक्ताचं म्हणाल, तर गाठ मोठी झाली की खालचे दात तिच्यावरच आपटतात, वरची साल सोलली जाते, पांढरट-पिवळा थर येतो, रक्त येतं. दिसायला भयंकर, पण चावल्यामुळे झालेली जखम. मात्र कॅन्सरची जखमही पुष्कळदा अशीच दिसते, आणि नुसत्या नजरेनं फरक सांगता येईलच असं नाही. म्हणून तर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घालायचा.

घरात तुम्हाला काय बघता येईल? गाठ महिन्या-पंधरा दिवसांत झपाट्यानं वाढली का, दात फाकण्याऐवजी एकाएकी हलायला लागलेत का, ओठ किंवा हनुवटी बधिर वाटते का, मानेत घट्ट गाठ लागते का, तोंड पूर्वीएवढं उघडतं का, तीन आठवडे झाले तरी न भरलेली जखम आहे का. यातलं एकही असेल तर लग्नाबिग्नाचा विचार बाजूला ठेवा, याच आठवड्यात जा. यातलं काहीच नसलं तरी जायचंच आहे, फक्त धास्तीनं पळत जायला नको.

आणि हो, ‘दुखत नाही तर कशाला’ हे सासूबाईंचं म्हणणं. या गाठी दुखत नाहीत हे खरंच आहे, म्हणूनच त्या एवढ्या होतात. पण सुरुवातीचा तोंडाचा कॅन्सरही दुखत नाही. न दुखण्यावरून इकडचाही निष्कर्ष निघत नाही आणि तिकडचाही. शिवाय गाठ साधी असली तरी आठ वर्षांत तिनं दोन दात फाकवलेत, भाकरी कुस्करून खायला लावलीय आणि बाईला घरात बसवलंय. काढायला एवढं कारण पुरतं.

चुलतसासऱ्यांबद्दल जपून लिहिते, कारण ते तुमच्या घरातलं दुःख आहे. त्यांचं नेमकं काय झालं, आजार कुठल्या पायरीवर कळला, हे मला माहीत नाही. पण आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर बऱ्याचदा उशिरा दाखवला जातो. तोवर तो मानेपर्यंत किंवा पुढे गेलेला असतो. मग तपासणीचा तुकडा घेतात, ऑपरेशन होतं, आणि माणूस गेला की लोकांच्या लक्षात चाकू राहतो, त्याआधीचे वाया गेलेले महिने राहत नाहीत. तपासणीसाठी तुकडा घेतल्यानं साधी गाठ कॅन्सर होत नाही. आणि कॅन्सर असलाच, तर तुकडा घेतल्याशिवाय उपचार कुठून सुरू करायचे हेच कळत नाही. घरात हे बोलताना ‘तुमचं चुकलं’ असा सूर नको. ‘काकांना उशीर झाला, तो आपण आत्यांना होऊ द्यायचा नाही,’ असं तुमच्या यजमानांनी म्हटलं तर ते ऐकलं जाईल.

दोरा मात्र अजिबात नको. दोऱ्यानं वरचं मांस काळं पडून सडतं, दुर्गंधी येते, पू होतो, कधी धो-धो रक्त जातं, आणि बुडखा जागेवरच राहिल्यानं गाठ पुन्हा फुटते. सर्वांत वाईट म्हणजे गळून पडलेला गोळा उकिरड्यावर जातो आणि तो काय होता हे कधीच कळत नाही. चुना, तुरटीची पूड, जाळायचं औषध, सगळ्यांची तीच गत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दात साफ करायचे सांगून नेऊ नका. पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणा : खुर्चीत बसवलं, हिरडीत इंजेक्शन गेलं आणि मग त्यांना कळलं. त्या उठून निघून येतील आणि परत कुठल्याही दवाखान्याची पायरी चढणार नाहीत. शिवाय संमतीच्या कागदावर सही त्यांची लागते, तुमची किंवा मुलाची नाही. तोंड त्यांचं आहे. तुम्ही लिहिता, ‘त्या ऐकतच नाहीत’. त्यांना कुणी विचारलंय का की नेमकी भीती कशाची? कापण्याची, की पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडण्याची? खर्चाची? लेकीच्या लग्नात आपण अंथरुणाला खिळू याची? मी बघितलेल्या कित्येक बायकांची खरी अडचण ‘चार दिवस चूल कोण बघेल’ एवढीच असते, आणि ती त्या कॅन्सरच्या भीतीआड लपवतात. दुपारी भाजी निवडताना एकट्या असाल तेव्हा विचारा. पुरुषांसमोर नको. आणि पहिल्या खेपेला फक्त दाखवायला जायचं, त्या दिवशी काही कापायचं नाही, असं ठरवा. ते पाळायचंही.

रिपोर्ट सांगायचा की नाही, हेही त्यांनाच आधी विचारून ठेवा : “आत्या, रिपोर्ट आला की डॉक्टरांनी आधी तुम्हाला सांगावं की ह्यांना?” काही माणसांना सगळं कळायला हवं असतं, काहींना नसतं. रिपोर्ट यायच्या आधी विचारलं तर तो साधा प्रश्न असतो. नंतर विचारलात, तर विचारण्यातूनच उत्तर कळतं.

कुठे न्यायचं? शासकीय दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईत महापालिकेच्या नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे, गोव्याच्या वाचकांसाठी बांबोळीचं. तुम्हाला कराड, सांगली किंवा पुण्याची खासगी दंत महाविद्यालयं जवळ पडतील. तिथं विद्यार्थी शिकत असल्यानं खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो आणि वर प्राध्यापकांची नजर असते. मोठ्या गाठीसाठी मी तालुक्याच्या एकट्या खुर्चीपेक्षा अशी जागा पसंत करेन, कारण रक्तस्राव झाला तर हाताशी माणसं असतात आणि तुकडा तपासणारा विभागही त्याच इमारतीत असतो. महात्मा जोतीराव फुले योजनेत हे बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

जाताना सासूबाईंच्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट न्या. बीपीच्या गोळीवर अम्लोडिपिन किंवा निफेडिपिन असं नाव आहे का बघा. या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या फुगतात, फिट्सच्या फेनिटॉइननंही फुगतात. मात्र ती सूज बहुधा अनेक दातांभोवती असते, एकाच जागी गोळा होत नाही. म्हणून गोळीला दोष देऊन ती बंद करू नका. बदलायची असेल तर ती ज्या डॉक्टरांनी दिली तेच बदलतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

तिथं काय करतील? एक्सरे, बहुधा सगळ्या जबड्याचा. रक्त आणि साखर. गाठ संशयास्पद वाटली किंवा बूड रुंद असलं तर आधी छोटा तुकडा घेऊन तपासतील, देठावरची असेल तर सगळीच काढून पाठवतील. बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करून काम होतं, फार मोठी असेल तर भूल देतात. गाठ वरवर छाटून चालत नाही. हाडावरच्या पातळ पडद्यापर्यंत बूड काढायचं आणि शेजारच्या दातांची मुळं खरवडून स्वच्छ करायची, तरच ती परतायची शक्यता कमी होते. तरीही ऑसिफाइंग प्रकारात शंभरात आठ ते वीस जणांना ती पुन्हा येते. पुन्हा आली म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. बूड किंवा कीटण राहिलं असा त्याचा साधा अर्थ. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी दाखवून यायचं. कापलेला गोळा तपासणीला गेला का, हे त्याच दिवशी विचारा. ‘साधीच दिसते, टाकून दिली’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

मिश्रीबद्दल. ही गाठ मिश्रीमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो यात शंकेला जागा नाही. म्हणून डॉक्टरांना सांगा की फक्त गाठ बघू नका, मिश्री जिथं दाबून ठेवतात ती ओठामागची, गालातली जागाही बघा, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, ही तक्रार येणार. ती सवय अंगात भिनलेली असते. ओरडून सुटत नाही. टाके असतानाचे पंधरा दिवस डॉक्टरच मना करतात, तेव्हाच सुरुवात करून द्या. डॉक्टरांचा शब्द त्या सुनेच्या शब्दापेक्षा लवकर ऐकतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. गरोदरपणात हिरडीवर लाल गोळा आला तर घाबरू नका. बाळंतपणानंतर तो बहुधा बारीक होतो. खूप रक्त येत नसेल, खाणं अडत नसेल तर तोवर दात स्वच्छ ठेवून थांबतात, पण दाखवून मात्र ठेवा. शाळकरी मुलामुलींच्या हिरडीवर गोळा दिसला तर ‘दात येतोय’ म्हणून वर्ष घालवू नका. वाटाण्याएवढी गाठ काढणं दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं.

राहिलं लग्न. दोन महिने पुष्कळ आहेत. जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. रिपोर्ट आठवड्या-दोन आठवड्यांत येतो, आत हाड असेल तर ते मऊ करून घ्यावं लागतं म्हणून थोडा जास्त वेळ लागतो. तेव्हा या पंधरवड्यात दाखवून आणलंत तर लग्नापर्यंत ओठ मिटायला लागलेला असेल. पहिले काही दिवस मऊ भात, गार ताक, तिखट नाही. भाकरी दुधात कुस्करून. फाकलेले दात थोडेफार आपोआप जवळ येतात, पूर्ण येतीलच असं नाही. एखाद्याखालचं हाड गेलं असेल तर तो दात काढावाही लागतो. पण तार लावायची की नवा दात बसवायचा, यावर लग्नाआधी कुणी घाईनं पैसे भरायला लावले तर भरू नका. रिपोर्ट हातात येऊन हिरडी पूर्ण बसल्यावर ते ठरवायचं असतं.